मी सांगितलेले चौसष्ट टक्के

नातीचा इंजिनिअरिंगचा शेवटचा निकाल सकाळी मोबाइलवर आला आणि दुपारच्या आत मी सामरवरणीच्या नाक्यावर मिठाईच्या दुकानात उभा होतो. दुकानदार गुजराती, वीस वर्षांची ओळख. पेढे तोलता तोलता त्याने विचारलं, “काका, केटला टका आव्या?”

किती टक्के पडले, एवढंच त्याला हवं होतं. नातीने मला आकडा दाखवला होता, दहापैकी सहा पूर्णांक चार. मी चौथी शिकलेला माणूस. पण दहापैकी सहा पूर्णांक चार म्हणजे शंभरात किती, एवढं मला येतं. मी म्हणालो, चौसष्ट.

पेढे वाटताना आमच्या बिल्डिंगच्या तीन मजल्यांवर मी तेच सांगितलं. संध्याकाळी वापीहून नात परत आली तेव्हा ते जिन्यातच कोणीतरी तिला ऐकवलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की आबा, ते टक्के नसतात, आमच्या युनिव्हर्सिटीचा हिशेब वेगळा आहे. मी म्हणालो, दहापैकीच आहे ना, मग झालं. ती अर्धा कमी करायचा वगैरे काही सांगायला लागली. मी म्हटलं, मला गणित शिकवू नकोस. ती गप्प बसली. मी बोललो की आमच्या घरात लोक गप्प बसतात, आणि त्यालाच मी आजवर होकार समजत आलोय.

आता थोडं माझं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी साक्री तालुक्यातून इकडे आलो तेव्हा सायली गावाच्या रस्त्याला कंपन्यांच्या मोजक्या शेड होत्या, बाकी सगळं गवत. धागा तापवून, पीळ देऊन फुलवणारी मशीनं असतात, त्या खात्यात हेल्पर म्हणून लागलो आणि फिटर झालो. कोणी शिकवलं नाही. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. चांगलं बेअरिंग एका सुरात बोलतं, बिघडायला आलेलं दाणे चावल्यासारखं. दर दोन-तीन वर्षांनी डिग्रीवाली पोरं यायची. त्यांना मी हेच शिकवायचो. वर्षभरात ती माझी साहेब व्हायची. मला सुपरवायझर करायचं शेठच्या मनात होतं, दोनदा नाव वर गेलं. दोन्ही वेळा वरून दहावीचं सर्टिफिकेट मागितलं. ते नव्हतं. फिटर म्हणून लागलो नाही, पण फिटर म्हणूनच निवृत्त झालो.

म्हणून मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगायचो की कागदाने मशीन चालत नाही. आणि घरी आलो की नातीला पहिला प्रश्न असायचा, मार्क किती. दोन्ही एकाच तोंडाने. त्यात काही गडबड आहे असं मला कधी वाटलं नाही.

शेवटच्या वर्षाला तिच्या कॉलेजात कंपन्या आल्या होत्या. ती एकाही कंपनीपुढे बसली नाही. मी विचारलं तर म्हणाली, चांगल्या कंपन्या नव्हत्या. निकालानंतर ती दिवसभर मोबाइलवर अर्ज भरत बसायची. दोन महिने गेले, बोलावणं कुठूनच नाही. एकदा वैतागून तिने सांगितलं की साठच्या खाली असलं की अर्ज पुढेच सरकत नाही, तिथेच लाल अक्षरं येतात. मी म्हणालो, मग तुझे तर चौसष्ट आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली. मला वाटलं पोरगी काहीतरी चुकीचं बटण दाबत असणार. शिवाय नोकरी मोबाइलला मागायची नसतेच, माणसाला मागायची असते. आमच्या काळात घरातला मोठा माणूस गेटवर जायचा, ओळखीच्याला बाहेर बोलवायचा आणि सांगायचा, हा आमचा आहे, मी शब्द देतो. सायलीत निम्मी माणसं अशीच लागली. मीही पंधरा-वीस जण लावले. एकानेही माझी मान खाली घालायला लावली नाही.

तिला न सांगता मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सायलीला एका कंपनीत गेलो. तिथला मॅनेजर मूळचा कोकणातला. बावीस-तेवीस वर्षांचा असताना माझ्या हाताखाली शिकला, मग दोन कंपन्या बदलून इथे मोठा झाला. गेटवरचा वॉचमन नवा. म्हणाला, “किससे मिलना है, चाचा?” आणि माझ्या चपलांकडे बघितलं. मी नाव सांगितलं. पाच मिनिटांत मॅनेजर स्वतः गेटपर्यंत चालत आला. तेव्हा मी वॉचमनकडे बघितलं.

चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या. त्याच्याकडे ट्रेनी इंजिनिअरच्या तीन जागा होत्या, यादी मुंबईला पाठवायची होती. मेकॅनिकल आहे म्हटल्यावर तो खूश झाला. टक्के किती, म्हणाला. साठच्या वर पाहिजेत, वरच्यांची अट आहे.

“चौसष्ट,” मी म्हणालो.

“झालं तर मग. कागद नंतर बघू. तुम्ही सांगितलं म्हणजे, मिस्तरी काका, माझ्यासाठी तोच कागद.” आणि माझ्यासमोर त्याने यादीत तिचं नाव लिहिलं, नावापुढे चौसष्ट.

त्या दिवशी मी रिक्षात न बसता अर्ध्या रस्त्यापर्यंत चालत आलो. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाच्या तोंडाचा आकडा मुंबईला चालला होता.

घरी सांगितलं तर नात आधी रागावली. मला न विचारता का गेलात, काय सांगितलंत तिथे. मी म्हणालो, ओळख सांगितली, बाकी काय सांगणार. आकड्याचं मी बोललो नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने माळ्यावरची जुनी पुस्तकं खाली काढली. माझ्या सुनेने तिचा निळा ड्रेस धुवून वाळत घातला. दोन महिन्यांनी घरात जरा हालचाल झाली.

मुलाखतीहून ती आली ती जिन्यापासूनच बोलत आली. मॅनेजरने तिला टेबलापाशी फार वेळ बसवलंच नाही, सरळ खात्यात नेलं. एका मशीनपाशी उभं केलं आणि विचारलं, काय ऐकू येतंय. तिने पेचकस मागितला. कानाला लावला आणि म्हणाली, डावीकडून दुसरं, महिनाभर काढेल. बाजूचा फिटर हसला, कारण त्याने ते आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. हे कॉलेजात शिकवतात का, असं मॅनेजरने विचारलं. ती म्हणाली, नाही, आबांनी पाण्याच्या मोटारीवर शिकवलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती. कंपनीने मला कधी कसला बिल्ला दिला नाही, पण त्या दिवशी मिळाला म्हणा.

चार दिवसांनी तिला कागद घेऊन बोलावलं. मी सोबत येतो म्हणालो, ती नको म्हणाली. दुपारी परत आली. चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले आणि म्हणाली, नाही झालं. मी दोनदा विचारलं, का. ती म्हणाली, जागा भरल्या. आणि कणीक मळायला बसली. भाकरी करायच्या होत्या आणि ती कणीक मळत होती, तेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन आला. आवाजात आदर होता, पण जपून बोलत होता. म्हणाला, काका, वाईट वाटून घेऊ नका. तिचे टक्के एकोणसाठ आहेत. एका टक्क्यासाठी मी वर भांडलो असतो, पोरगी कामाची आहे. पण यादीत चौसष्ट आहेत. एचआरच्या पोराने तिला विचारलं, हा आकडा कोणी दिला. ती म्हणाली, माझ्याकडूनच चुकीचा सांगितला गेला असेल. आता तिच्या नावापुढे शेरा पडलाय, माहिती खोटी दिली म्हणून. “तिने तुम्हालाही फसवलं, काका. तुम्ही बिचारे विश्वासाने बोललात.”

इथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला माहीत होतं तिने मला काय सांगितलं होतं, ते टक्के नसतात म्हणून, आणि मी तिला काय म्हणालो होतो. मी ‘हो’ म्हणालो नाही. ‘नाही’ही म्हणालो नाही. फोन कानाला धरून उभा राहिलो. तो म्हणाला, ठीक आहे काका, तब्येत सांभाळा, आणि ठेवून दिला.

ती मला वाचवत होती, हे त्या क्षणीच कळलं होतं. पंधरा-वीस जण लावलेला माणूस खोटं बोलला असं सायलीत होऊ नये म्हणून पोरीने खोटेपणा स्वतःच्या अंगावर घेतला होता. आणि मी तो घेऊ दिला. आजवर मी कधी चुकीचा शब्द दिला नाही, हे माझ्या मनात त्या वेळी फार मोठं झालं होतं, पोरीपेक्षा मोठं.

दोन दिवस मी तसाच काढला. टपरीवर गेलो तर माझ्यासारखाच निवृत्त झालेला एक जण, धुळ्याकडचाच, हाक मारून म्हणाला, “काय हो, चौसष्टवाली लागली का?” सगळे हसले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी चहा अर्धा टाकून उठलो.

तिसऱ्या दिवशी नात बाहेर गेली असताना मी तिच्या फाइलमधून निकालाचा कागद काढला. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी होतं, ते मला वाचता येत नाही. घरात विचारायचं नव्हतं. नाक्यावर झेरॉक्सवाल्याकडे गेलो, तो कॉलेज केलेला आहे. त्याने वाचून सांगितलं. मिळालेल्या आकड्यातून अर्धा वजा करायचा, मग दहाने गुणायचं. सहा पूर्णांक चारातून अर्धा गेला, उरले पाच पूर्णांक नऊ. एकोणसाठ. म्हणजे त्या संध्याकाळी ती मला हेच सांगत होती.

अर्धा का वजा करायचा, हे त्यालाही माहीत नव्हतं. मला अजूनही ते पटलेलं नाही.

कागद परत देताना तो म्हणाला, “पोरगी हुशार आहे, काका. फक्त चौथ्या सेमिस्टरला घसरली. दोन विषय राहिले होते, तिथेच मार खाल्ला. नाहीतर आरामात साठच्या वर होती.”

चौथं सेमिस्टर म्हणजे कुठले महिने, हे मी बोटं मोजून काढलं. त्याच महिन्यांत माझ्या बायकोला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती. मुलगा प्लास्टिकच्या कंपनीत पाळीवर, सून पॅकिंगला, दोघांच्या सुट्ट्या संपल्या होत्या. मी बायकोला उचलू शकत होतो, पण तिला माझ्या हाताने अंघोळ नको असायची, लाजायची. नातीने कॉलेजला जाणं बंद केलं. आजीला भरवणं, पाय चोळणं, सिव्हिल हॉस्पिटलला नेणं, सगळं तिने केलं. परीक्षा आली तेव्हा ती घुटमळली होती. जाऊ का, असं तिने मलाच विचारलं होतं. मी म्हणालो होतो, परीक्षा पुन्हा येते, आजी पुन्हा येणार नाही. मोठ्या ऐटीत म्हणालो होतो. नातेवाइकांपुढे दोन-तीनदा सांगितलंही होतं, की मी असं म्हणालो. बायको गेली. परीक्षा पुन्हा आली, नात पासही झाली. आम्ही विसरलो. कागद विसरला नव्हता.

झेरॉक्सवाल्याच्या दुकानातूनच मी सायलीची रिक्षा पकडली. अंगात घरातलाच, बिनइस्त्रीचा शर्ट होता. वॉचमनने या वेळी उठून सलाम केला, तो मला नको होता.

मॅनेजरसमोर मी उभाच राहिलो. बसा म्हणाला तरी बसलो नाही. सांगितलं, चौसष्ट मी सांगितले होते. तिने मला आधीच सांगितलं होतं की ते टक्के नाहीत, मी ऐकलं नाही. तिला तर माहीतही नव्हतं की मी इथे आकडा दिलाय. तू फोन केलास तेव्हा मी गप्प बसलो, ते मुद्दाम.

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “फोनवर बोलला असतात तर यादी थांबवली असती, काका. काल पत्रं गेली.” तिसऱ्या जागेवर बहात्तर टक्क्यांचा एक जण घेतला होता. पुढे म्हणाला की चौथ्या सेमिस्टरचं त्यानेही मुलाखतीत तिला विचारलं होतं. ती म्हणाली, अभ्यास झाला नाही. बाकी काही नाही. माझी बायको आजारी होती हे त्याला माहीत होतं, तो भेटायलाही येऊन गेला होता. पण दोन्ही गोष्टी एकत्र ठेवाव्यात असं त्याच्या मनात आलं नाही. मी तिचा आजोबा, माझ्याच मनात आलं नाही, तर त्याला काय बोलणार.

शेरा तरी पुसून टाक, मी म्हणालो. त्याने एचआरच्या पोराला आत बोलावलं आणि मला पुन्हा सगळं बोलायला लावलं. पोरगा पंचविशीचा असेल. ऐकून म्हणाला, “मतलब आपने बोला था, चाचा?”

“मैंने ही बोला था,” मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि गेला; ते खोडलं की नाही हे मला दिसलं नाही. मॅनेजर म्हणाला, खोडेल.

मी निघताना त्याने आणखी एक गोष्ट काढली. कॉन्ट्रॅक्टरच्या यादीवर मशीन ऑपरेटरची जागा आहे, पाळीचं काम, वर्षभर करू दे, मग बघता येईल. माझ्या तोंडात आलंच होतं की आमची पोरगी इंजिनिअर आहे, ऑपरेटर व्हायला नाही शिकली. तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. म्हटलं, तिलाच विचार. मी काही सांगत नाही.

घरी येऊन नातीला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. मिठाईच्या दुकानापासून. ती ऐकत राहिली. माझी अशी समजूत होती की ती रडेल, किंवा म्हणेल जाऊ द्या आबा. ती म्हणाली,

“फोन बुधवारी आला होता ना?”

“हो.”

“आज शनिवार आहे.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“मी तिथेच होते, आबा. तुम्ही फोनवर उभे होता तेव्हा मी आतल्या खोलीतून ऐकत होते. वाटलं, आता बोलाल.”

 आजीच्या वेळचं मी काढलं, की तेव्हा तुला मी जाऊ द्यायला हवं होतं. तिने ते तिथेच थांबवलं. म्हणाली, “ते मी माझ्या मनाने केलं. त्याला मध्ये आणू नका. म्हणून तर तिथे सांगितलं नाही.”

सोमवारी तिने स्वतः मॅनेजरला फोन केला आणि ऑपरेटरची जागा नको म्हणून सांगितलं. कामाची लाज नाही, म्हणाली, पण त्या कंपनीत माझ्या नावावर एकदा काट मारून झालीय. मग तिने फाइल घेतली आणि गेटोगेट जायला लागली. म्हणजे माझ्याच पद्धतीने, पण माझ्याशिवाय. प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा एकोणसाठ सांगायची, बाकी नंतर, असं सून म्हणाली. काही ठिकाणी तेवढ्यावरच परत पाठवलं. एका गेटवर फाइल उघडलीही नाही.

असा महिना गेला असेल. मागच्या आठवड्यात ती पाया पडायला आली. एका कंपनीत क्वालिटीच्या खात्यात घेतलं होतं, सहा महिने बघणार, मग पक्की. मुलगा आणि सून दारात उभे होते, दोघांना आधीच सगळं माहीत होतं हे तोंडावरून दिसत होतं. मी डोक्यावर हात ठेवला. विचारलं, कुठल्या कंपनीत?

“आहे एक, आबा.”

“सायलीला का अथालला?”

“पक्की झाले की सांगते.”

गोड आवाजात म्हणाली. मी मुलाकडे पाहिलं, तो पंख्याकडे बघायला लागला.

अथालपासून सायलीपर्यंत असं एक गेट नाही जिथे मला कोणी ओळखत नाही. नाक्यावरच्या रिक्षावाल्याला एक शब्द विचारला तरी कळेल, संध्याकाळपर्यंत खात्याचा साहेब कोण तेही कळेल. मी विचारलेलं नाही. रोज साडेसातला ती डबा घेऊन खाली उतरते, मी गॅलरीत असतो. ती वर बघून हात करते, मीही करतो. पुढे नाक्यावरून सायलीचे, अथालचे रस्ते फुटतात. तिची रिक्षा तिथे पोहोचायच्या आत मी घरात येतो.